प्रीमियर पद्मिनी गाडी चालता चालता बंद पडते, दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते: माझं सव्वा वर्ष यात गेलं

लक्षण आधी लिहितो, म्हणजे ज्याच्या गाडीला हेच दुखणं आहे त्याला लगेच कळेल. सकाळी थंड इंजिन, चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला स्टार्ट, आयडलिंग मस्त, सोसायटीत आणि गल्लीबोळात कितीही फिरवा काही होत नाही. मोठ्या रस्त्याला लागून वीस-पंचवीस मिनिटं झाली की तिसऱ्या-चौथ्या गिअरला ओढ कमी होते, ॲक्सिलरेटर दाबावा तर गाडी पळायच्या ऐवजी अजूनच मरगळते, मग दोन-चार झटके आणि बंद. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायला येते. शेवटी वैतागून बाजूला उभं राहायचं, टपरीवर चहा घ्यायचा, आणि परत येऊन किल्ली फिरवली की पहिल्या सेल्फला चालू, जसं काही झालंच नव्हतं.

माझी बंद पडायची जागासुद्धा ठरलेली होती, घोडबंदर रोडला गायमुखचा चढ. मानपाड्याहून निघालं की कासारवडवलीपर्यंत राणी, चढ लागला की संपलं.

गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, बाबांनी नवीन घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगखाली नऊ वर्षं ती ताडपत्रीत उभी होती. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा बिल्डरच्या माणसाने सांगितलं महिन्याभरात हलवा, नाहीतर भंगारवाला बोलावतो. भंगारवाला आलाही होता, त्याने जो भाव सांगितला तो ऐकून आईने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मग टोइंग करून मानपाड्याला आमच्या सोसायटीच्या ओपन पार्किंगमध्ये आणली आणि बायकोशी करार झाला, ऐंशी हजारांच्या वर एक रुपया नाही आणि शनिवार-रविवार सोडून हात काळे करायचे नाहीत. पहिला खर्च ब्रेकवर केला, चारही चाकांना ड्रम आणि चारही व्हील सिलिंडर जाम झालेले. ही गाडी पळवण्याआधी थांबली पाहिजे, त्यामुळे त्यात काटकसर केली नाही. फ्लोअरचा पत्रा, वायरिंग वगैरेवर वेगळं लिहावं लागेल, तो वेगळाच रडगाण्याचा विषय आहे.

तर बंद पडायचं दुखणं. पहिल्यांदा झालं तेव्हा ज्याला ज्याला फोन केला त्या प्रत्येकाने एकच शब्द सांगितला, व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं. फ्युएल पंपावर ओला फडका टाक, झालं. आपल्याकडे फियाट, म्हणजे हीच पद्मिनी, चालवलेल्या माणसाला हा फडका आईच्या दुधातून मिळालेला असतो. टाकला फडका. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. म्हणजे फडक्याने काम केलं ना? पुढच्या आठवड्यात त्याच चढाला परत बंद. मग ठिणगीचा करंट देणारी कॉइल गरम होते म्हणून नवीन कॉइल. मग पंपाचा डायाफ्राम. मग कार्बोरेटर उघडून सोलेक्सचं (कार्बोरेटरची कंपनी) किट, मग प्लग, मग सीबी पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा स्विच). प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस गाडी ठणठणीत चालायची आणि मला वाटायचं सापडलं एकदाचं, आणि परत गायमुख. सात-साडेसात हजार त्यातच गेले.

ठणठणीत का चालायची हे कळायला मला फार वेळ लागला. पंप असो की कार्बोरेटर, जो कोणी काम करायचा तो शेवटी सवयीने पाइपातून मागे टाकीकडे हवा मारायचा. त्या हवेने खरं दुखणं आठ दिवसांसाठी बाजूला सरकायचं आणि बक्षीस मिळायचं त्या दिवशी बदललेल्या पार्टला.

यातून बाहेर काढलं एका मिस्त्रीकाकांनी. सगळं आयुष्य काळ्यापिवळ्यांच्या पोटाखाली गेलेला माणूस. मुंबईतल्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि २००३ च्या ऑक्टोबरात पासिंग झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हापासून काकांकडे काम कमी आणि वेळ भरपूर. मी त्यांना फोनवर पंधरा मिनिटं इतिहास सांगितला. त्यांनी एकच विचारलं, "बंद पडते तेव्हा करंट नसतो की पेट्रोल नसतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सव्वा वर्षातला निम्म्याहून जास्त काळ उलटून गेला होता आणि मी एकदाही बंद पडलेल्या अवस्थेत गाडी तपासली नव्हती. नेहमी चहा पिऊन आल्यावर बॉनेट उघडायचो, तेव्हा सगळं ठीकच असणार ना. काका म्हणाले, "आजारी असतानाच नाडी बघायची असते, बरा झाल्यावर नाही. पुढच्या वेळी पहिल्या दोन-तीन मिनिटांत बघ आणि मग मला सांग."

तर तुम्ही पण हेच करा, आणि यासाठी डिकीत ठेवायचं सामान म्हणजे एक जुना पण चालू स्पार्क प्लग, एक रिकामी बाटली, पाना, पक्कड, सायकलचा पंप आणि एक छोटं पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर. शेवटचं गमतीत घेऊ नका, गरम इंजिनावर आपण पेट्रोलची नळी काढणार आहोत.

गाडी बंद पडली की बाजूला घ्या, हॅझार्ड नसेल तर मागे काहीतरी उभं करा, आणि आधी करंट बघा. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना करंट वाटणारा डबा) मधली जाड वायर काढून जुन्या प्लगवर चढवायची, प्लगची बॉडी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला नीट टेकवायची, हातात धरायची नाही, कार्बोरेटरपासून लांब, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. कडक निळी ठिणगी पटापट पडली तर इग्निशनचा विषय बहुतेक संपला. ठिणगी नाही किंवा पिवळट मरतुकडी असेल तर मात्र कंडेन्सर पहिला संशयित, मग कॉइल. हे दोन्ही गरम झाल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर साळसूद होतात. कंडेन्सर स्वस्त आहे, आधी तो बदला. नवीन म्हणून मिळणारे पण कधीकधी डब्यातूनच मेलेले निघतात, म्हणून जुना चालू असलेला फेकू नका. डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक वायर पण वाकवून बघा, वरून कव्हर चांगलं आणि आत तुटलेली असं असतं.

करंट असेल तर कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे आता ठिणगी पडणार नाही, मग कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी काढून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. पंप मेकॅनिकल आहे, इंजिन फिरलं की तो पण फिरतो, त्यामुळे बाटलीत ठसक्या ठसक्याने धार पडली पाहिजे. धार चांगली असेल तर भानगड कार्बोरेटरच्या आत, फ्लोटची सुई किंवा जेट. धारच नसेल तर पंपापासून मागे.

माझ्याकडे ठिणगी निळी आणि बाटलीत चार थेंब.

मग काकांना फोन. ते म्हणाले पंपाच्या आधीची नळी काढ, टाकीचं झाकण उघड आणि सायकलच्या पंपाने मागे हवा मार. पहिले दोन-तीन स्ट्रोक पंप जड गेला, हवा जाईचना, मग एकदम सुटल्यासारखं झालं आणि मागे टाकीत भुडभुड आवाज आला. नळ्या जोडल्या, वायर लावली, सेल्फ मारला, चालू. आणि हे सगळं व्हायला सहा-सात मिनिटं, इंजिन तसंच भट्टीसारखं गरम, बॉनेटवर हात ठेववत नव्हता. व्हेपर लॉक असता तर इतक्या गरम इंजिनावर बहुतेक सुरू झाली नसती. तिथेच फडक्याचा विषय निकालात निघाला.

झालं काय होतं, तर नऊ वर्षं अर्ध्या टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलने आणि आपल्या खाडीकडच्या दमट हवेने टाकीला आतून गंज चढलेला. त्याचे पापुद्रे सुटून तळाशी पडलेले. इंजिन हळू चालताना पेट्रोल कमी ओढलं जातं, पापुद्रे शांत बसून असतात. चढाला, चौथ्यातून तिसऱ्यात टाकून पाय दाबला की ओढ वाढते, पापुद्रे वाहत येऊन पिकअप पाइपच्या (टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी) टोकाच्या जाळीवर चिकटतात, चहाच्या गाळणीत चोथा बसतो तसे. पेट्रोल बंद, गाडी बंद. इंजिन थांबलं की ओढ थांबते, पापुद्रे आपोआप गळून खाली पडतात आणि आपण म्हणतो थंड झाली म्हणून सुरू झाली. थंड होण्याचा काही संबंध नसतो. म्हणून ओळखायची एक फुकट खूण, बंद पडल्यावर पंधरा मिनिटं थांबायच्या ऐवजी तीन-चार मिनिटांनीच सेल्फ मारून बघा. एवढ्यात सुरू झाली तर उष्णतेपेक्षा तुंबण्यावर जास्त संशय घ्या.

व्हेपर लॉक खोटा आहे असं मी म्हणत नाहीये. पंप इंजिनलाच बोल्टने बसवलेला, त्याची उष्णता पेट्रोलला लागते, नळीत वाफ झाली की पंप वाफ ओढू शकत नाही. पण त्याचं वागणं वेगळं असतं. मे महिन्याची दुपार, तीन हात नाक्याला सिग्नलवर सिग्नल, गाडी रांगत रांगत चाललीये किंवा गरम इंजिन बंद करून पाच मिनिटांत परत सुरू करायला गेलात, तेव्हा तो त्रास देतो. मोकळ्या रस्त्यावर वारा लागत असताना, जानेवारीच्या सकाळी चढाला बंद पडत असेल तर फडका बाजूला ठेवा. पंप आणि ब्लॉकच्या मध्ये जाड बॅकेलाइटचा तुकडा असतो तो मात्र बघा, काही जण पंप बदलताना तो टाकून देतात आणि नुसतं गॅस्केट लावतात, मग खरोखरच पंप तापतो.

आता टाकी. फ्युएल गेजचं फ्लोट युनिट काढून आत टॉर्च मारला तर आत कोकणातली लाल माती. टाकी एकाकडे धुवायला दिली, नाव सांगत नाही, त्याने ॲसिडने धुतली, पाण्याने खंगाळली आणि दुसऱ्या दिवशी दिली. दिसायला आरशासारखी. लावली, गायमुख तीन वेळा चढलो, बायकोला पेढे दिले. सात आठवड्यांनी, भर जुलैत, परत बंद.

कारण इतकं साधं की लाज वाटली. ॲसिडने उघडं पडलेलं लोखंड पाणी लागल्यावर तासाभरात परत तांबूस होतं, आणि त्याने टाकी रात्रभर ओली तशीच ठेवली होती. म्हणजे जुना गंज काढून मी नवीन गंजाला जागा करून दिली. त्यात हल्लीचं पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जाऊन बसतात, नेमकं जिथे पिकअप आहे तिथे.

दुसऱ्यांदा घरीच केलं. टाकी उतरवली, जुनं पेट्रोल कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला दिलं (गटारात ओतू नका रे बाबांनो), फ्लोट युनिट बाजूला काढलं, आत हातभर लांब जुनी लोखंडी साखळी टाकली आणि मी आणि मुलगा दोघांनी टाकी अर्धा तास पाळण्यासारखी हलवली. वॉचमन येऊन बघून गेला, चेअरमन येऊन बघून गेले. साखळी काढली, मग कोमट पाण्यात दोन किलो लिंबूसत, किराणावाल्याकडे सायट्रिक ॲसिड म्हणून मिळतं तेच, विरघळवून टाकी पूर्ण भरली आणि दीड दिवस ठेवली. स्वस्त आहे, हाताला तितकं घातक नाही, पण चष्मा-हातमोजे घालाच. पाणी काळपट हिरवं निघालं. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा, साध्या पाण्याने दोनदा, आणि आता खरी घाई सुरू, व्हॅक्यूम क्लीनरची ब्लोअरची बाजू टाकीच्या तोंडात लावून पाऊण तास सतत वारा, वाळली की ताबडतोब लिटरभर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून आत सगळीकडे फिरवलं म्हणजे लोखंडावर तेलाचा हात बसतो. ब्लोअर लावायच्या आधी टाकीला पेट्रोलचा वाससुद्धा येता कामा नये, मोटरच्या ठिणगीने वाफ पेटते. आणि टाकीला भोक सापडलं म्हणून कोणी गॅस वेल्डिंग करतो म्हणाला तर टाकी उचला आणि घरी या. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोकादायक असते.

खर्च सगळा मिळून हजाराच्या आत.

मग पंपाच्या आधी एक पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर टाकला, बाणाची दिशा बघून, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब. शंभर-दीडशे रुपयांची ही वस्तू, पण आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. पहिल्या महिन्यात दोन फिल्टर लाल झाले, तिसरा स्वच्छ राहिला.

आणि गाडी परत बंद पडली!

ऑगस्ट महिना, टाकी स्वच्छ, फिल्टर स्वच्छ, आणि गायमुखच्या आधीच, वाघबीळलाच बंद. मी तर रस्त्यावर बसायचाच बाकी होतो. पण आता सवय लागली होती, प्लग लावला, ठिणगी निळी. बाटली लावली, पेट्रोल नाही. म्हटलं परत हवा मारूया, म्हणून मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं आणि फुस्स करून आवाज आला, हवा आत गेल्याचा. पुढे येऊन सेल्फ मारला, बाटलीत धो धो धार. हवा मारायच्या आधीच.

झाकण मी बदललं होतं. जुनं गंजलेलं होतं म्हणून कुर्ल्याला सीएसटी रोडवरून लॉकवालं नवीन आणलं होतं, दिसायला भारी. पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यायला झाकणाला बारीक भोक किंवा व्हॉल्व्ह असतो, या झाकणात रबरी वायसर असा बसवला होता की भोक पूर्ण झाकलं गेलं होतं. टाकीत हवा नाही, आतमध्ये ओढ तयार होते, पंपाची ताकद संपते. आणि मी शहाणा, पावसाळ्यात टाकीत दमट हवा राहू नये म्हणून दर वेळी टाकी तोंडापर्यंत भरत होतो. टाकी अर्धी असेल तर आत हवेला भरपूर जागा असते, लिटरभर पेट्रोल गेलं तरी फरक पडत नाही, पण काठोकाठ भरलेल्या टाकीत वर जेमतेम एक-दोन लिटर हवा, त्यातून पाऊण लिटर पेट्रोल गेलं की लगेच दाब उतरतो. म्हणून पूर्वीपेक्षा लवकर बंद पडायला लागली. गंजावरचा उपाय आणि झाकण दोघांनी मिळून मला गाठलं.

हे तपासायची युक्ती: उन्हात उभ्या गाडीचं झाकण उघडलं तर वाफ बाहेर येते, ते नॉर्मल आहे. चालवून आल्यावर लगेच उघडा आणि तोंडाशी पातळ प्लॅस्टिकची पिशवी धरा. ती आत ओढली गेली तर व्हेंट, म्हणजे हवेचं भोक, बंद. मी वायसरला ब्लेडने भोकासमोर खाच पाडली, दोन मिनिटांचं काम. काही जण झाकणाला सरळ ड्रिल मारतात, ते करू नका, पावसाचं पाणी आत जातं आणि वळणावर पेट्रोल बाहेर येतं.

एक गोष्ट राहिली, रबरी नळ्या. टाकी उतरवली तेव्हा मी मोटरसायकलच्या दुकानातली साधी पेट्रोलची नळी घातली होती. तीन महिन्यांत ई-२० ने ती इतकी मऊ पडली की पंपाच्या ओढीने मधेच चपटी व्हायची. वरून काही दिसत नाही, इंजिन चालू ठेवून रेझ करताना बघितलं तेव्हा दिसलं. आता इथेनॉल सोसणारी, एसएई जे-३० आर-९ लिहिलेली नळी घातली आहे, मीटरचा भाव ऐकून पोटात गोळा येतो पण लागते कितीशी. पंपाचा डायाफ्राम घेतानाही दुकानदाराला इथेनॉल चालेल असाच द्या म्हणून सांगा, नाहीतर तो कडक होऊन चिरतो आणि पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढली तर गाडी अजिबात चालू करू नका.

ऑगस्टपासून आजपर्यंत गायमुख किती वेळा चढलो मोजलं नाही, येऊर झालं, ऐरोलीच्या पुलावरून नेरुळला आत्याकडे जाऊन आलो, आरसी रिन्यूअलच्या इन्स्पेक्शनला पण स्वतःच्या चाकांवर गेली आणि आली. बजेट ब्याऐंशी हजार चारशे झालं, बायकोला ऐंशी सांगितलंय.

तुमची गाडी असंच करत असेल आणि मला विचारायचं असेल तर नुसतं "गरम झाली की बंद पडते" असं सांगू नका. बंद पडल्यावर पहिल्या तीन मिनिटांत करंट होता का, बाटलीत धार होती का, टाकीत पेट्रोल किती होतं, आणि किती मिनिटांनी परत सुरू झाली, एवढं बघून या. आणि झाकण उघडताना कान तिकडे ठेवा.